खिडकी काढण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा ओटीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. हातात मोजपट्टी, खिशाला पेन आणि समोर चहाचा कप. जुने सागवान विकत घेण्याचा त्यांचा धंदा. पडलेली घरे, मोडकळीला आलेले वाडे आणि तुळया-खांब यांच्या शोधात ते शहापूर, मुरबाड, भिवंडी असे फिरत असतात. आमच्या घराच्या पाच खिडक्या त्यांनी मोजून घेतल्या होत्या आणि घनफुटाचा हिशेब करून एक आकडा कागदावर लिहूनही ठेवला होता. शेजारी दुसरा कागद होता. तो अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या अंदाजपत्रकाचा.

‘पाचही काढून टाकतो,’ दादा म्हणाला. ‘पावसात उघडत नाहीत आणि उन्हाळ्यात बंद राहत नाहीत. ठेवून करायचं काय?’

मी नोकरीनिमित्त डोंबिवलीला राहणारा. गावच्या घराविषयी बोलताना माझा गळा जरा लवकर दाटतो. आजोबांच्या काळातल्या खिडक्या, घराची शोभा, पूर्वजांची आठवण असे बरेच काही मी बोललो. दादा ऐकत राहिला. उत्तर वहिनींनी दिले. ‘भाऊजी, तुम्ही येता दिवाळीला आणि म्हसेच्या जत्रेला. आषाढात झड येते तेव्हा खिडकीला खांदा लावून उभी असते ती मी. आठवण तुम्हाला, खिडकी मला.’

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. जुन्या वस्तूंचा कळवळा बहुधा त्या रोज वापराव्या न लागणाऱ्यांनाच येतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते आठवणींच्या नावाने नाही. त्या वेळी मी एवढेच म्हणालो की, सौदा करण्याआधी एकदा सुताराला दाखवू. सुतार काय म्हणाला आणि त्यातून मला काय उमगले, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

दोष खिडकीचा की छपराचा?

शहापूर-मुरबाडकडची जुन्या धाटणीची खिडकी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. जाड सागवानी चौकट, मध्ये लोखंडाचे उभे गज आणि चार झडपा. दोन खाली, दोन वर. खालच्या फळ्यांच्या, वरच्या कधी फळ्यांच्या तर कधी तावदानांच्या. खालच्या दोन लावून वरच्या दोन उघड्या ठेवल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातले दिसत नाही, बाळंतिणीच्या अंगावर वारा येत नाही, आणि छपराखाली कोंडलेली गरम हवा मात्र वरून निघून जाते. गज माकडांसाठी आणि चोरांसाठी. आमच्याकडे आजही माकडांचाच त्रास अधिक.

विलायतेतली जुनी खिडकी आपल्याहून वेगळी. तिची दोन तावदाने एकमेकांवर खालीवर सरकतात. चौकटीच्या पोकळीत दोरीला वजने टांगलेली असतात, त्यामुळे तावदान सोडाल तिथे थांबते. पण युक्ती आपलीच. वरचे थोडे खाली घ्यायचे आणि खालचे थोडे वर. म्हणजे तापलेली हवा वरून बाहेर आणि गार हवा खालून आत. साता समुद्रांपलीकडच्या सुतारांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट शोधून काढली होती.

दादाच्या अंदाजपत्रकातली सरकती खिडकी या हिशेबात कुठे बसते? दोन तावदाने एकामागे एक सरकणार, म्हणजे कितीही उघडली तरी अर्धी जागा बंदच. शिवाय वरचा आणि खालचा असा भेदच नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात आमच्याकडे दुपारी पंखाही गरम वारा फेकतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्या वेळी ही अर्धी जागा फार महाग पडते. हे मी दादाला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे सुतारकाका आले. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी खिडकीकडे पाहण्याआधी अंगणात जाऊन छपराकडे पाहिले. मग म्हणाले, ‘पत्रं कधी टाकलं?’

प्रश्न वर्मावर होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी कौले उतरवून आम्ही पत्रे टाकले. कौलारू छपराची वळचण भिंतीच्या पुढे दोन-अडीच हात असे. पागोळ्या लांब पडत. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्याआधी कारवीचा आडोसाही बांधला जाई. पत्रे टाकताना पैसे वाचवायला वळचण आखूड केली आणि आडोसा बांधणे तर कधीच सुटले होते. या भागात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो तेव्हापासून थेट खिडक्यांवर येऊ लागला. त्यातच आम्ही चौकटींच्या कडेने सिमेंटचा गिलावा घट्ट लिंपून घेतला. माती-चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडूनही देते. सिमेंटची कड मात्र आत गेलेले पाणी लाकडापाशी धरून ठेवते. सत्तर-ऐंशी वर्षे ज्या खिडकीला काही झाले नाही, ती दहा वर्षांत कुजू लागली. आणि आम्ही म्हणत होतो, खिडकी जुनी झाली!

लाकूड वयाने कुजत नाही, ओलीने कुजते. त्यातला पाण्याचा अंश साधारण वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशी त्यात घर करते. भिजून वाळले तर बिघडत नाही. भिजून तसेच राहिले तर बिघडते. सागाच्या गाभ्यात तेलकट अंश असतो, त्यामुळे तो पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. मात्र बाहेरचा पांढुरका भाग साध्या लाकडासारखाच. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची चौकट मोठ्या, पिकल्या झाडाच्या गाभ्यातली असे. आज बाजारात मिळणारे सागवान पुष्कळदा कमी वयाच्या झाडांचे असते आणि त्यात गाभा कमी. म्हणजे आपण जे काढून विकतो, ते पुन्हा विकत घेऊ म्हटले तरी सहज मिळायचे नाही.

मोडली किती, हे आधी पाहावे

सुतारकाकांनी खिशातून एक टोच्या काढला आणि चौकटीला, झडपांना ठिकठिकाणी टोचून पाहिले. टोच्या आत गेला तिथे खडूची खूण. पाच खिडक्या पाहून झाल्यावर खुणा मोजल्या. सगळ्या खुणा खालच्या वीतभरात होत्या. चौकटीचे खालचे आडवे लाकूड, झडपांची खालची पट्टी आणि गज जिथे लाकडात शिरतात ती जागा. वरचा सगळा भाग खणखणीत. ‘भाऊ, ह्याला झालंय काय?’ काका म्हणाले. ‘खालची पट्टी बदलली की वीस वर्सं बघायला नको. पायात काटा गेला म्हणून पाय तोडतं का कोण?’

पुढचे आठ दिवस मी रजा वाढवून त्यांच्या हाताखाली काम केले. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण अशा खिडक्या असणाऱ्या घरांना त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट, पावसाळ्यात खिडकी घट्ट झाली म्हणून त्याच वेळी रंधा मारू नये. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत फुगते. जुलैत तासलेली झडप डिसेंबरात आकसते आणि बोटभर फट पडते. आमची खिडकी उन्हाळ्यात ‘बंद राहत नाही’ त्याचे कारण हेच होते. दर पावसाळ्यात कोणीतरी थोडी थोडी तासली होती. घासते कुठे त्यावर जुलैत कोळशाने खूण करावी आणि काम होळीनंतर करावे. बहुतेक वेळा तेव्हा तासण्याची गरजच राहत नाही.

दुसरी गोष्ट बिजागऱ्यांची. झडप खाली टेकू लागली की आपण झडपेला दोष देतो, पण अनेकदा बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. लांब स्क्रू ठोकून उपयोग नाही. जुन्या भोकात सागाच्या काडीला फेव्हिकॉल लावून ती घट्ट बसवावी, वाळू द्यावी आणि मग तोच स्क्रू पुन्हा पिळावा. हे काम घरातले कोणीही करू शकेल. आमच्याकडे माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने केले.

तिसरी गोष्ट सांध्यांची. जुन्या झडपा खिळ्यांवर उभ्या नसतात. कुसू आणि खाच यांच्या जोडावर उभ्या असतात, वरून लाकडी खुंटी. झडप तिरकी झाली तर खुंटी ठोकून काढता येते, सांधा खोलून साफ करता येतो आणि पाचर मारून पुन्हा गुण्यात आणता येतो. म्हणजे ही वस्तू बनवणाऱ्याने ती पुढे कधीतरी खोलावी लागणार हे धरूनच बनवली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीचे चाक झिजले किंवा कुलूप मोडले आणि तो नमुना बाजारातून गेला, तर अख्खे पल्ले बदलावे लागते. हा अनुभव शहरातल्या वाचकांना नवा नसेल.

चौथी गोष्ट थिगळाची. कुजलेला भाग पोखरून त्यात सिमेंट किंवा लांबी भरली तर वर्षभरात ती निघते आणि मागे पाणी साठते. कुजके लाकूड चांगले लाकूड लागेपर्यंत तिरके कापून काढायचे आणि त्याच मापाचा जुन्या सागाचा तुकडा, रेघा एकाच दिशेला ठेवून, बसवायचा. तुकडे कुठले? आमच्या माळ्यावर मोडका देव्हारा आणि पाळण्याची दांडी पडून होती. ती कामी आली.

पाचवी, गज. लोखंड गंजले की फुगते आणि चौकट आतून फोडते. गंज खरवडून लाल ऑक्साइडचा हात द्यावा आणि बुडाशी लांबी घट्ट भरावी. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल. तावदानेही तिच्यावरच बसतात.

शेवटी रंग. जाड थरांनी लाकूड वाचत नाही, भेग पडली की आत शिरलेले पाणी त्याच थराखाली अडकते. उकळलेले जवसाचे तेल दोन-तीन हात मुरवले तरी पुष्कळ. झडपेची खालची कड आणि वरची कड दिसत नाही म्हणून रंगारी ती सोडतो, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते. एक इशारा मात्र गंभीरपणे द्यायचा आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि २०१७च्या अखेरीस लागू झाले. त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत. पाणी मारून घासावे, तोंडाला फडके बांधावे, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला चुरा अंगणात झाडून देऊ नये.

हे सारे झाल्यावरही एक काम उरले. वळचणीला दीड हाताची नवी पत्र्याची पडदी जोडली आणि चौकटीभोवतीचे सिमेंट छिन्नीने मोकळे केले. ते केले नसते तर बाकीची मेहनत दोन पावसांत वाहून गेली असती.

सागवान कोणाचे?

जुन्या लाकडाचे गुणगान करताना एक अवघड गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. ही खिडकी आली कुठून? माहुलीच्या पायथ्याचे, तानसाच्या खोऱ्यातले, माळशेजखालचे हे रान एके काळी सागाने भरलेले होते. लाकडावर सत्तेची नजर जुनीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या राजीखुशीविना हात लावू नये, असा अर्थ आहे. इंग्रजी अमलात १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रानाला कुंपण पडले. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख होती त्याच्या घराला सागाच्या चौकटी लागल्या. पाड्यावरचा कातकरी किंवा ठाकूर कुडाच्या भिंतीत राहिला. त्याच्या घराला खिडकीच नव्हती, आणि रानातून एक वासा आणला तर गुन्हा मात्र त्याच्यावर.

आमच्या घराच्या खिडक्या या व्यवहाराच्या बाहेरच्या नाहीत. पण म्हणूनच मला वाटते की, जे झाड एकदा पडले त्याचे लाकूड शक्य तितकी वर्षे कामी यावे. ते फेकणे किंवा शोभेला विकणे म्हणजे त्या रानाचा दुसऱ्यांदा अपमान.

आणि ते जाते कुठे तेही पाहा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. जमिनींचे भाव वाढले, फार्महाऊस उभी राहिली. माझ्या बहिणीच्या सासरी, किन्हवलीच्या बाजूला, शेजारच्या घरातून निघालेली कोरीव चौकट तिथून काही मैलांवरच्या एका बंगल्यात दिसली. आरसा लावून दिवाणखान्यात टांगली होती. हौसेला मोल नसते, तेव्हा विकत घेणाऱ्याला दोष देत नाही. पण जिच्यातून वारा यायचा ती चौकट भिंतीवर टांगलेली पाहून बहिणीला कसेसे झाले. या तालुक्याला हे नवे नाही म्हणा. १८९२ साली तानसाचे धरण झाले, पुढे वैतरणा आणि भातसा झाली, पाणी मुंबईला गेले, आणि धरणांच्या उशाशी असलेल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाण्यामागून आता खिडक्या चालल्या आहेत.

दुरुस्ती करणारे हात

माझ्या बाजूने बोलणारा कोणी म्हणेल की, मग सगळ्यांनीच जुने जपावे. मी तसे म्हणणार नाही. ज्याची चौकट वाळवीने आतून पोकळ केली आहे, ज्याला सुताराची मजुरी परवडत नाही, ज्याच्या घरकुलाला मुळात लोखंडीच खिडकी बसली आहे, त्याला उपदेश करणारा मी कोण? आमच्याकडेही स्वयंपाकघराची खिडकी गेलीच. मोरीच्या ओलीने तिचे काही उरले नव्हते. तिथे वहिनींच्या पसंतीची नवी, जाळीसह, बसली. उरलेल्या चार राहिल्या. त्यांनाही आतून डासांच्या जाळीच्या हलक्या चौकटी केल्या, कारण वहिनींची ती मागणी रास्त होती आणि ‘पूर्वी कुठे जाळ्या होत्या’ हे उत्तर रास्त नव्हते.

माझे म्हणणे इतकेच की, काढण्यापूर्वी एकदा टोचून पाहावे. आणि दुसरे असे की, टोचून पाहणारा माणूस तालुक्यात उरावा. सुतारकाकांचा मुलगा आसनगावच्या बाजूला कारखान्यात नोकरी करतो. त्याचे चुकले असे काका म्हणत नाहीत. ‘दर म्हैन्याला पगार हाय. हितं कोण बोलावतं?’ आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमात सुतारकाम आहे, पण आपल्याला दिसते ते नवे बनवणे, प्लायवूड कापणे. जुने खोलून पुन्हा जोडणे हेही शिकवण्याजोगे काम आहे. शहापूर आणि मुरबाडमध्ये अजून शंभर-दीडशे जुनी घरे, शाळांच्या इमारती, देवळांचे सभामंडप असतीलच. दोन-चार तरुण सुतारांना त्यावर बारमाही काम मिळू शकेल. ग्रामपंचायतीने आपल्या जुन्या चावडीची किंवा शाळेची खिडकी फेकून न देता त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली तर सुरुवात होईल.

इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची निगा बरी, हा तिचा आग्रह. आपल्या आयांना हे सांगायला मॉरिस लागला नाही. दिवाळीआधी खिडक्या धुऊन पुसणे, मृगाच्या आत बिजागऱ्यांना तेलाचा थेंब देणे, चौकटीच्या खाचेतला कचरा काडीने काढणे, ही निगाच होती. ते काम बायकांचे म्हणून त्याला कोणी नाव दिले नाही आणि ते थांबले तेव्हाही कोणाच्या लक्षात आले नाही. आता ते पुन्हा सुरू करायचे तर घरातल्या पुरुषांनीही टोच्या आणि तेलाची बाटली हातात घ्यायला हवी. डोंबिवलीला राहणाऱ्यांनीसुद्धा.

यंदाच्या आषाढात मी मुद्दाम चार दिवस गेलो. रात्री झड आली. वहिनी सवयीने उठल्या, मीही उठलो. माजघराची खालची झडप एका हाताने लागली. वरची मात्र थोडी घट्ट होती. मी रंध्याची आठवण काढताच दादा म्हणाला, ‘राहू दे, होळीनंतर बघू.’ कोळशाने खूण करून ठेवली आणि आम्ही झोपलो.